सरांनी खोडलेली ओळ

त्या दिवशी मंगळवार होता. मी उंबऱ्याशी सूप मांडीवर घेऊन बिड्या वळत बसले होते आणि सुमन बेळगावहून आली. माझी ही लेक कॉलेजात शिकवते. मधल्या वारी ती निपाणीला कधी येत नाही, आणि आली तर हातात पिशवी असते, पिशवीत भाजी असते, शेजारच्या पारूबाईच्या नातवाला काहीतरी असतं. त्या दिवशी हात रिकामे होते. चप्पल न काढता ती दारात उभी राहिली आणि म्हणाली, "आई, सर गेले." कोणते सर, हे मी विचारलं नाही. तिच्या कॉलेजात सगळे सरच आहेत, पण आमच्या घरात सर म्हटलं की दिनकरसर. माझ्या हातातली बिडी अर्धी वळून झाली होती. ती मी पुरी वळली, दोरा बांधला, आणि मग उठले. असं का केलं कोण जाणे... अर्धवट टाकून उठवेना.

आम्ही बेळगावला टिळकवाडीत सरांच्या घरी पोचलो तेव्हा त्यांना नेलेलं होतं. वहिनी, म्हणजे सरांच्या पत्नी, आतल्या खोलीत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "हौसाक्का, परवाच तुमचं नाव काढलं होतं."  तिसऱ्या आठवड्यात सरांच्या शाळेच्या हॉलमध्ये सभा झाली. मोठमोठी माणसं बोलली. मग कुणीतरी माझं नाव घेतलं. मी उठून माइकपाशी गेले, समोर बघितलं, पदर तोंडाशी गेला आणि तशीच परत येऊन बसले. येताना एसटीत सुमननं मला तिची जुनी प्रॅक्टिकलची वही दिली. तिच्या एका बाजूला आलेख काढायचे चौकोन आहेत आणि दुसरी बाजू कोरी आहे. ती म्हणाली, बोलता येत नाही तर लिही, चौथीपर्यंत का होईना शिकलीयस की. म्हणून हे कोऱ्या बाजूला लिहिते आहे. पेपरच्या पुरवणीला पाठवू का, असं ती विचारते. मी अजून हो म्हटलेलं नाही.

सर बेळगावच्या एका हायस्कुलात हेडमास्तर होते. त्यांचं घर शहरातलं जुनं, आजोबांपासून सगळे शिकलेले. तरुणपणी सर धारवाडला विद्यापीठात शिकले. तिथं वसतिगृहात एका ओळीत ज्यांच्या खोल्या होत्या असे हे सात मित्र. पुढं कुणी पुण्याला गेला, कुणी हुबळीला, एक तर परदेशात जाऊन आला. सगळे नोकरीत स्थिर झाल्यावर सातांनी मिळून ठरवलं, की आपल्या सीमेवरच्या खेड्यापाड्यांतलं एक मूल दर वर्षी त्याच विद्यापीठात शिकवायचं. फी, राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं सातांनी बघायचं. देणारे कोण कोण हे त्या मुलाला कधी सांगायचं नाही. आणि मूल निवडताना नुसते मार्क बघायचे नाहीत, घर बघायचं. घर बघायचं काम सरांकडं होतं, कारण ते इथंच राहात होते. ते स्वतः एसटीनं जायचे, घरी बसायचे, बोलायचे आणि परत येऊन बाकीच्या सहांना पत्र लिहायचे. त्यांच्या पत्रावर सहाही जण डोळे मिटून विश्वास ठेवायचे.

आणीबाणी लागायच्या आदल्या वर्षी सुमन निपाणीच्या कॉलेजातनं बी.एस्सी. झाली. पहिला वर्ग मिळाला. तिचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाल होते, ती सातवीत असताना ते वारले. तेव्हापासून आम्ही दोघी बिड्यांवर. तिला पुढं धारवाडला जायचं होतं. बोलायची नाही, पण माहितीपुस्तक आणून उशाखाली ठेवलेलं मी पाहिलं होतं. कागदावर आम्ही बौद्ध लिहिलेलं, आणि बौद्धांना तेव्हा अनुसूचित जातीत धरत नव्हते, त्यामुळं सरकारी सवलतीचं काही जमलं नव्हतं. तिच्या एका प्राध्यापकांनी सरांचा पत्ता दिला, तिनं पत्र लिहिलं, आणि आठ दिवसांत कार्ड आलं. रविवारी दुपारी घरी येतो, एवढंच त्यात होतं.

एवढंच होतं, पण त्यानं आमची सगळी वस्ती हलली. आमच्या वस्तीत बाहेरचा माणूस कामापुरता यायचा, दारातनं बोलून जायचा. कुणी येऊन बसल्याचं, जेवल्याचं जुन्या माणसांनाही आठवत नव्हतं. पारूबाई म्हणजे आमच्या शेजारची, जिभेनं तिखट आणि मनानं लोण्याची. तिनं कार्ड उलटंसुलटं करून बघितलं, तिला वाचता येत नव्हतं तरी, आणि म्हणाली, "दुपारी येतो म्हंजे जेवायलाच की गं. बेळगावचा हेडमास्तर आपल्या वस्तीत जेवणार, आन् तू त्याला जर्मनच्या ताटलीत वाढणार व्हय?"

आमच्या घरात जर्मनच्या, म्हणजे ॲल्युमिनिअमच्या, दोन ताटल्या होत्या, दोन्हींना पोचे पडलेले. मग शनिवारी संध्याकाळपासून एकेक वस्तू घरात यायला लागली. पारूबाईनं तिच्या लग्नातलं स्टीलचं ताट आणलं. समोरच्या सखूनं आणलं, पलीकडच्या गल्लीतल्या दोघींनी आणली. कपबशा आल्या, लोखंडी खुर्ची आली, खाटेवर नवी चादर आली, पारूबाईच्या थोरल्यानं त्याचा रेडिओ आणून फळीवर ठेवला. भिंतीला चुना लागला. माझं सूप, कातरलेली पानं, तंबाखूचा डबा, सगळं घरामागं पोत्याखाली गेलं. कुणालाही फसवायचं मनात नव्हतं, हे मी शपथेवर सांगते. आल्या माणसाचा मान ठेवायचा, एवढंच होतं. सुमन मात्र कोपऱ्यात उभी राहून सगळं बघत होती.

"आई, त्यांना आपलं घर बघायचंय."

"मग घरच दाखवतोय न्हवं?" मी म्हटलं. "फुटक्या कपातनं च्या देऊ व्हय? तुला न्हाय कळायचं त्यातलं."

रविवारी सर आले. उंच, सडपातळ, पांढरा शर्ट, काखेत छत्री. दारातच वाकून चप्पल काढली आणि सरळ आत येऊन खाटेवर बसले. सुमनला रसायनशास्त्राचं काहीतरी विचारलं, तिनं उत्तर दिलं, मग त्यांनी आणखी विचारलं, आणि ते दोघं इतकं बोलत राहिले की शिरा निवला. मी आतनं वाढत होते. जेवायला बसल्यावर सरांनी ताट जरा फिरवून त्याच्या काठावर घातलेलं नाव वाचलं. आपल्याकडं ताटवाटी घेतली की दुकानातच नाव घालून घेतात, त्याशिवाय बाई ते भांडं घरी आणत नाही. मग त्यांनी शेजारचं ताट बघितलं, वाटी बघितली, तांब्या बघितला. मला वाटलं, आता यांना सगळं कळलं. पण ते हसले आणि जेवायला लागले. घरात काही अडचण आहे का, असं त्यांनी मला विचारलं. परक्या माणसापुढं माझ्या तोंडातनं शब्द फुटत नाही. माझ्याऐवजी दारातनं पारूबाई बोलली, "कशाची अडचण सायेब? काय कमी न्हाय बघा. आमच्या वस्तीत कुणाचं काय अडत न्हाय." सर म्हणाले, हे ऐकून बरं वाटलं. खरंच बरं वाटल्यासारखं म्हणाले.

पंधरा दिवसांनी पत्र आलं. सुमननं ते मोठ्यानं वाचलं. मुलगी अतिशय हुशार आहे, घर खाऊनपिऊन सुखी आहे हे पाहून आनंद झाला, ती कुठंही गेली तरी चमकेल, यंदा मात्र अधिक गरज असलेल्या एका मुलाला पाठवायचं ठरलं आहे. वाचून झाल्यावर तिनं पत्राची घडी केली. मला वाटलं, आता ती मला बोलेल. बोलली असती तर बरं झालं असतं. ती घरामागं गेली, सूप आणलं, माझ्यासमोर मांडी घालून बसली आणि पानं कातरायला लागली. तिचे हात माझ्यापेक्षा भराभर चालत होते. मी त्या हातांकडं बघत राहिले आणि मला कळलं, की उद्या, परवा, पुढच्या वर्षी आणि माझ्या मागंही हे हात असेच चालत राहणार, आणि ते मी माझ्या हातानं केलं आहे.

दुसऱ्या दिवशी तिला न सांगता मी बेळगावची एसटी धरली. एकटीनं तेवढं लांब मी कधी गेले नव्हते. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होते आणि प्रत्येक थांब्याला विसरत होते. पत्रावरचा पत्ता लोकांना दाखवत दाखवत टिळकवाडीत घर सापडलं. सर ओसरीवर पेपर वाचत होते. त्यांनी मला ओळखलं, आत बोलावलं, वहिनींना हाक मारून पाणी आणायला सांगितलं. मी पाणी प्याले. सर वाट बघत होते.  मग मी पिशवीत हात घातला, आमची जर्मनची ताटली काढली आणि त्यांच्यापुढं टेबलावर ठेवली.

"ही आमची," मी म्हटलं.

सरांनी ताटली उचलली. सवयीनं तिचा काठ फिरवून बघितला. तिच्यावर नाव नव्हतं.  मग हळूच म्हणाले, "आणि ती ताटं?"

मी सांगितलं. पारूबाईचं, सखूचं, कपबशा कुणाच्या, खुर्ची कुणाची, चादर कुणाची, रेडिओ कुणाचा. एकदा सुरुवात झाल्यावर मी थांबलेच नाही, सूप कुठं दडवलं तेही सांगितलं. सरांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"मी नावं वाचली होती, हौसाबाई. चार ताटांवर चार नावं. मला वाटलं, लग्नातले आहेर असतील. आमच्या घरी कधी कुणाकडनं ताट आणावं लागलं नाही. म्हणून वाचूनही मला कळलं नाही."

मला वाटलं होतं, ते रागावतील. फसवलंत म्हणतील, किंवा आता काय उपयोग म्हणतील, आणि मी ताटली घेऊन परत जाईन. त्यांनी वहिनींकडनं कागद मागवला आणि तिथंच, माझ्यासमोर, मित्रांना पत्र लिहायला घेतलं. लिहून झाल्यावर कागद माझ्याकडं फिरवला आणि म्हणाले, "वाचून बघा. बरोबर आहे का सांगा."

आयुष्यात मला कुणी असं विचारलं नव्हतं. कागद समोर आला की अंगठा कुठं, सही कुठं, एवढंच लोक सांगायचे. मी बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचलं. सरांनी लिहिलं होतं, की निपाणीच्या मुलीचं घर मी जाऊन पाहिलं आणि तुम्हाला चुकीचं कळवलं. चूक माझी आहे, त्या घराची नाही. ज्या मुलाला आपण शब्द दिला आहे त्याचं काढून घ्यायचं नाही. पण ही मुलगी मागं राहिली तर ते माझ्या चुकीमुळं असेल, म्हणून या वर्षी आपण दोघांना पाठवावं अशी माझी विनंती आहे. मोठ्या माणसानं स्वतःची चूक स्वतःच्या हातानं कागदावर लिहिलेली मी तेव्हा पहिल्यांदा बघितली. वखारीत मुकादमाची चूक झाली तर ती बाईच्या अंगावर यायची. इथं चूक माझी होती, आणि हा माणूस ती स्वतःच्या नावावर लिहून घेत होता, आणि वर मला विचारत होता, बरोबर आहे का.

मधे एक ओळ होती. त्या लोकांनी शेजारपाजारची भांडी उसनी आणून माझा पाहुणचार केला होता, असं तिच्यात लिहिलं होतं. खरंच होतं ते. पण माझं बोट तिथं थांबलं. मला पारूबाई दिसली, लग्नातलं ताट राखेनं घासून घासून चकचकीत करून आणणारी. पुण्याला, हुबळीला कुणीतरी परका माणूस हे वाचणार...

"ही ओळ नको," मी म्हटलं. माझा आवाज मलाच ऐकू आला नाही. सर वाकले. मी परत म्हटलं, "ही नको, सर. वस्तीची लाज जाईल."

सरांनी ती ओळ खोडली. एका रेघेनं नाही, वाचता येणार नाही अशी पुरती खोडली. मग माझ्याकडं बघून म्हणाले, बरोबर आहे, ते आपल्या दोघांतच राहील. तो कागद बाजूला ठेवून त्यांनी नव्यानं सहा पत्रं लिहिली, एकेक वेगळं, त्या ओळीशिवाय. त्या ओळीशिवाय वाचलं, तर हेडमास्तर गेला, बघून आला आणि गाफील राहिला, एवढंच दिसत होतं. ती ओळ त्यांच्या बाजूची होती. ती गेल्यावर त्यांच्याजवळ सांगायला काही कारण उरलं नाही, हे मला एसटीत बसल्यावर, काकती गाव मागं पडल्यावर लक्षात आलं, आणि मी खिडकीकडं तोंड करून रडले.

सहाही जणांची होकाराची उत्तरं आली. सुमन धारवाडला गेली. दोन वर्षांनी एम.एस्सी. होऊन आली, बेळगावात तिला कॉलेजात नोकरी लागली. पहिल्या पगाराचे पेढे घेऊन आम्ही सरांकडं गेलो, तर पेढा खाता खाता सर म्हणाले, "हौसाक्का, माझं एक काम कराल का? पुढच्या रविवारी कोगनोळीला एक घर बघायला जायचंय. मला घर कळत नाही. तुम्ही चला." मी म्हटलं, मला बोलायला येत न्हाय. सर म्हणाले, म्हणूनच चला.

तेव्हापासून दहाएक वर्षं मी त्यांच्याबरोबर जात राहिले. सरांनी पद्धतच बदलली. आधी कार्ड पाठवणं बंद केलं. जेवणाची पाळीच यायला नको म्हणून बरोबर आपापली भाकरी. आणि घरी पोचल्यावर सर आत यायचे नाहीत. अंगणात, असेल त्या दगडावर, घराकडं पाठ करून बसायचे आणि मुलाशी अभ्यासाचं बोलायचे. मी आत जायची. बाई बाईजवळ चुलीपाशी बसली की तिला फारसं विचारावं लागत नाही. पीठ कुठल्या डब्यात आहे आणि तळाला किती आहे, ते दिसतंच.

कोगनोळीच्या त्या पहिल्या घरात आमच्या उलटी गंमत होती. घरचा माणूस हात जोडून सांगत होता, काही नाही साहेब, एक कोंबडीसुद्धा नाही, लई हाल हाईत. मी आत बसले, चहा प्याले, परत निघालो. एसटीत सरांनी विचारलं, काय वाटतं? मी म्हटलं, सर, म्हैस न्हाय म्हणतोय, पण परसात शेणी रचून केलेला उडवा माझ्या डोक्याएवढा उंच हाय. आन् चहा सगळा दुधाचा. सर इतके हसले की कंडक्टर मागं वळून बघायला लागला. दोन म्हशी भावाच्या गोठ्यात नेऊन बांधल्या होत्या, हे मागाहून कळलं. सर म्हणाले, "एक घर असलेलं लपवतं, एक घर नसलेलं लपवतं, आणि मी दोन्हीकडं फसणारा." पण त्या माणसाबद्दल त्यांनी कधी वाईट लिहिलं नाही. या घराला सध्या आपल्यावाचून अडत नाही, एवढंच लिहिलं.

एकदा उचगावहून परत येताना मी धीर करून विचारलं, सर, तुम्ही सगळे हे कशासाठी करता? नाव तर कुठंच लावत नाही.  त्यांनी सांगितलं, की वसतिगृहातल्या त्या ओळीत ते सात नव्हते, आठ होते. आठवा सगळ्यांत हुशार होता. दुसऱ्या वर्षी एका सकाळी तो ट्रंक घेऊन निघाला, घरी जाऊन येतो म्हणाला. घरून खर्च येणं थांबलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. "आम्ही त्याला स्टेशनवर पोचवायला गेलो. सातही जण. त्याची ट्रंक मी उचलली होती. आणि आमच्यातला एकजणही त्याला म्हणाला नाही, की थांब." गाडी सुटेपर्यंत सगळे परीक्षेबद्दल बोलत होते, म्हणे. तो परत आला नाही. पुढं तो कुठं असतो ते त्यांना कळलं होतं, पण त्याला लाज वाटू नये म्हणून त्याचं नाव त्यांनी कशालाच दिलं नाही. एवढं सांगून सर खिडकीतनं बाहेर बघायला लागले. मी त्यांच्याकडं बघत होते. इतकी वर्षं मी ज्यांच्यापुढं मनातनं वाकत होते, तो माणूस स्वतः कुणापुढं वाकून चालला आहे, ते मला त्या दिवशी दिसलं. त्यानं ते लहान झाले नाहीत. मला तर ते आणखीच उंच वाटले.

शेवटच्या वर्षी त्यांना दम लागायचा. एसटीची पायरी चढवत नव्हती. मग मी आणि सुमन जायचो आणि मी येऊन सांगायची. सर खुर्चीत बसून लिहायचे. पत्र झालं की कागद फिरवून माझ्यापुढं धरायचे, पहिल्या दिवसासारखंच.

सभा होऊन महिना झाला असेल. परवा पोस्टमननं हाक मारली आणि माझ्या हातात पाकीट दिलं. श्रीमती हौसाबाई यांस. माझ्या नावानं आलेलं हे पहिलं पत्र. सरांच्या सहा मित्रांनी ते लिहिलं होतं, खाली सहांच्या सह्या. काकतीच्या एका मुलीचा अर्ज आला आहे, आपण जाऊन घर पाहावं आणि काय पाहिलं ते आम्हाला लिहून कळवावं, आपण लिहाल त्याप्रमाणे करू. सुमन म्हणाली, तू सांग, मी लिहिते. मी नको म्हटलं. चुकलं तर ते माझ्या अक्षरात चुकू दे.

काल काकतीला जाऊन आले. सुमन अंगणात दगडावर बसली, घराकडं पाठ करून. तिला हे कधी कुणी सांगितलं नव्हतं. मी आत गेले, बसले, बोलले, आले. आज सकाळपासून कागद घेऊन बसले आहे. वडील नाहीत. आई दुसऱ्याच्या शेतावर मजुरीला जाते. धाकटी दोन आहेत. पीठ दोन दिवसांचं आहे. अर्जात लिहिलंय ते खरं आहे. एवढं लिहिलं आणि झालं असं वाटलं.

सरांची एक सवय होती. माझं सगळं सांगून झालं तरी ते पेनाला टोपण लावायचे नाहीत. टोपण डाव्या हातात धरून ठेवायचे आणि माझ्याकडं न बघता बसून राहायचे. घाई करायचे नाहीत, विचारायचे नाहीत. मी मनातनं त्या घरात परत जायची, चुलीपासून दारापर्यंत सावकाश यायची, आणि मग जे सांगायचं राहिलेलं असे ते सापडायचं. ते सापडलं की सर लिहायचे, आणि मग टोपण लागायचं.

मी टोपण डाव्या हातात घेतलं. खोलीत कुणी नव्हतं. बाहेर पारूबाई कुणाला तरी रागे भरत होती. मी मनातनं काकतीला परत गेले, चुलीपाशी बसले, उठले, दाराकडं आले... आणि खाली आणखी लिहिलं:

आईला लिहितावाचता येत नाही. मुलगी चुलीजवळच्या भिंतीवर कोळशानं अभ्यास लिहिते. घर सगळं नुकतंच सारवलेलं आहे. भिंतीचा तेवढा तुकडा आईनं सारवलेला नाही.